जबाब माझा

ओस्रेडाक, १४ नोव्हेंबर

तिहोमिर,

वकीलबाईंनी बजावलंय की दुसऱ्या संचालकाला, म्हणजे तुला, काही लिहायचं नाही, फोन करायचा नाही, कुणाहाती निरोपही धाडायचा नाही. फोन तू उचलतच नाहीस, त्यामुळे तेवढं त्यांचं मी ऐकल्यासारखं झालं. लिहिल्यावाचून मात्र राहवेना. तुझा ऑस्ट्रियातला, लिंझचा पत्ता तुझ्या आईने दिला. आधी द्यायला तयार नव्हती. मी म्हटलं, दारिंकाकाकू, मी काय कोर्टाचा माणूस आहे का? तर म्हणाली, "आता कोण कोर्टाचा आणि कोण घरचा, मला काय कळतंय?" मग एका पाकिटाचा कोपरा फाडून दिला.

काल समन्स आलं. टपालवाली मिल्का फाटकाशी सायकल लावून आत आली, एरवी ती खिडकीत टाकून जाते. म्हणाली, "ओब्रादभाऊ, या वेळी कंपनीला नाही आलेलं. तुम्हाला आलंय. सही लागेल." मी सही केली. ती म्हणाली, "कंपनीला आलेल्यांवर कधी सही मागितली नाही मी, कंपनी काय पेन धरणार होती?" आणि हसली. वाईट बाई नाही ती. माशीला पोळं बांधायला म्हणून आपण पाडून दिलेल्या मेणपत्र्यांनी तिच्या भावाच्या चार मधपेट्या गेल्या.

कंपनी गेली ते तुला ठाऊकच आहे. तिच्याकडे घेण्यासारखं काही उरलं नाही. मेण वितळवायची कढई आणि पत्रे पाडायचा तो जुना रोलर तेवढा लिलावात गेला. मला वाटलं, चला, संपलं. तर आता होमोल्येतल्या मधपाळांनी मिळून तुझ्यावर आणि माझ्यावर दावा लावलाय. कंपनीवर नाही. कागदावर सरळ आपली नावं आहेत, बापाच्या नावासकट. माझ्या बापाचं नाव कोर्टाच्या कागदावर पहिल्यांदाच आलं असेल. बिचारा आयुष्यात कधी तालुक्याच्या कचेरीतही गेला नव्हता.

तुझ्यावर काय आरोप आहे ते तुझ्या समन्समध्ये असेल, ते तुझ्या आईच्या घरी पडलंय, तिने उघडलेलं नाही. माझ्यावर असा आहे की मी स्वतः, माझ्या तोंडाने, बाजारात उभा राहून लोकांना मालाच्या हमीचा शब्द दिला.

वकीलबाईंनी विचारलं, "नक्की काय म्हणाला होतात?"

मी म्हटलं, "जबाब माझा, असं म्हणालो."

त्यांनी चष्मा काढला. "का म्हणालात?"

"सगळेच म्हणतात बाई. टोमॅटो विकणारा म्हणतो. डुक्कर विकणारा तर दोनदा म्हणतो."

"टोमॅटोवाला कंपनीचा संचालक नसतो, ओब्राद," त्या म्हणाल्या. "कंपनी म्हणजे कायद्याने वेगळा माणूस. तुम्ही दोघे तिच्या मागे उभे होतात, पडद्यामागे. पडद्यामागून बोलला असतात तर तुमच्या घराला कुणी हात लावू शकत नव्हतं. तुम्ही पडद्यापुढे येऊन छातीवर हात ठेवलात."

छातीवर हात ठेवला होता हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. ठेवला होता खरा. तो हात आपोआप जातो.

मग म्हणाल्या, "तिहोमिर तुमच्या नात्यातले?"

"कूम आहे. माझ्या लग्नात शेजारी उभा होता. माझ्या मुलीला, जेलिसाला, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून त्याने उचललं."

"म्हणजे रक्ताचं नातं नाही," असं म्हणून त्यांनी काहीतरी खोडलं.

त्या व्यापाऱ्याने आपल्याला फसवलं, तुला आणि मला दोघांनाही, हे मी त्यांना सांगितलंय. मेणाच्या लाद्या तू त्याच्याकडून घेतल्यास, पिवळ्याधमक होत्या, वासही होता, आपण काय करणार. तू एकदा येऊन एवढंच सांग. त्या व्यापाऱ्याचं नाव, गाव, काय असेल ते. बाकी मी बघतो.

तुझी वहिनी स्तोयांका बरी आहे.

ओब्राद


ओस्रेडाक, २ डिसेंबर

तिहोमिर,

पत्र मिळालं असणार. तुझी आई म्हणते, टपाल तिकडे चार दिवसांत जातं.

मला स्वस्थ बसवत नाही. सकाळी पेट्यांकडे जातो. थंडीत पेट्यांना हात लावायचा नसतो हे मलाही कळतं, तरी जातो, कान लावून ऐकतो, परत येतो. मग गिरणीपर्यंत चालत जातो. तिथे काही काम नसतं. परत येऊन तेच समन्स वाचतो. त्यातला एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही: वैयक्तिकरीत्या. आपल्या शाळेत बाईंनी तो शब्द फळ्यावर कधी लिहिला नसेल. मी तर सहावीनंतर शाळा सोडली, तू आठवी केलीस. तू तेव्हाही म्हणायचास, ओब्राद, तू माल बनव, बोलणं माझ्यावर सोड. मग त्या दिवशी बाजारात तू कुठे होतास? तिथे मलाच का बोलावं लागलं?

हे मी रागाने लिहीत नाही. खरंच आठवत नाही म्हणून विचारतोय.

मागच्या पत्रात स्तोयांका बरी आहे असं लिहिलं. बरीच आहे, पण इथे नाही. समन्स आलं त्याच दिवशी बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, "कंपनीच्या कागदावर माझं नाव घालायला तुम्हा दोघांना कधी आठवलं नाही. घर जाईल तेव्हा मात्र माझंही जाईल." मी म्हटलं, अजून काही गेलेलं नाही. ती म्हणाली, "तू जबाब माझा, जबाब माझा करत फिरतोस, मला एकाही गोष्टीचा जबाब दिलेला नाहीस." तिच्याशी बोलण्यात मी कधी जिंकलो नाही, तुला माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात आमच्या घराण्याच्या संताचा दिवस, स्लावा. वकीलबाईंचा मुद्दाम फोन आला.

"ऐकलं, तुमच्या घरी स्लावा आहे. दावा लावलेल्यांपैकी कुणाला घरी बोलावू नका."

"बाई, स्लावाला कुणालाच बोलावत नसतात."

"मग प्रश्नच मिटला."

"नाही ना. न बोलावता येतात, म्हणूनच तर प्रश्न आहे."

त्या बेलग्रेडला वाढलेल्या असल्या तरी आजोळ कुठेतरी असेलच की. म्हणाल्या, "बरं, पण टेबलाशी खटल्याबद्दल एक अक्षर नाही."

ये. स्लावाला आलास तर तुलाही कुणी का आलास म्हणून विचारणार नाही.

ओब्राद


ओस्रेडाक, १० डिसेंबर

तिहोमिर,

आला नाहीस.

स्तोयांका मात्र आली, आदल्या दिवशी, पिशवीभर पांढरे बीन्स घेऊन. उपासाचे दिवस, तेव्हा भाजलेले बीन्स, मासे आणि अक्रोडाची पोळी. माझ्याशी बोलली ती एवढंच की कांदा चीर आणि चूल बघ. पाद्री आले, पोळीवर वाईन ओतून कापली, शिजवलेल्या गव्हाला आशीर्वाद दिला आणि लवकर निघाले. मला वाटलं, आता कुणी येणार नाही. तेवढ्यात अंगणात बुटांचा चिखल झटकल्याचा आवाज.

विदोसावाकाकू होत्या. मागे लुबिसाव. त्यांच्यामागे आणखी दोघे. चौघांचीही नावं मी समन्सवर वाचली होती, दावा लावणाऱ्यांत.

काकूंनी गव्हाचा एक चमचा घेतला, क्रूस केला, म्हणाल्या, "स्लावा सुखाचा होवो, यजमान." मी म्हटलं, या, बसा. आणि त्या बसल्या. ज्यांनी माझं घर मागितलंय ती माणसं माझ्याच घरात, माझ्याच बाकावर.

मी राकियाचे पेले फिरवले. लुबिसावने पेला उजेडात धरला. "ओब्राद, ही कंपनीची की तुझी?"

"माझी. घरची आलुबुखारं."

"मग पितो. कंपनीचं काही तोंडात घालायचं म्हटलं की हल्ली पोटात गोळा येतो."

सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. स्तोयांका चुलीशी उभी होती, तिने पाठ फिरवली, तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय करत होती, कळलं नाही.

विदोसावाकाकू मेणबत्तीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "धूर नाही करत."

"माझ्या पेट्यांचं मेण आहे, काकू. कारखान्यातलं नाही."

"दिसतंय ते."

यजमानाने त्या दिवशी बसायचं नसतं, दिवसभर उभं राहून पाहुण्यांचं करायचं, तसा मी उभाच होतो. आणि त्या माझ्याकडे मान वर करून बोलायला लागल्या, खटल्याबद्दल नाही, मधमाशीबद्दल. "मे महिन्यात पेटी उघडली रे, तर अर्ध्याअधिक घरांत अळ्या मेलेल्या. माशी त्या ओढून बाहेर टाकायची, घर चाटून स्वच्छ करायची. राणी पुन्हा तिथेच अंडी घालायची. पुन्हा मरायच्या. पुन्हा स्वच्छ करायची. मी रोज बघायचे. त्या मुक्या जीवाला कोण सांगणार की बाई, तू नीट करतेयस, पण तुला ज्या पत्र्यावर बांधायला दिलंय त्यातच चरबी मिसळलेली आहे?"

मी म्हटलं, "काकू, त्या व्यापाऱ्याने आम्हालाही..."

"मी व्यापाऱ्याला ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "कंपनीलाही ओळखत नाही. पत्रे पाडून घ्यायला आणलेलं माझं मेण, माझ्या नवऱ्याच्या हातच्या मधपोळ्यांचं, मी गाडीत ठेवून उभी होते. मनात येत होतं, परत न्यावं. मी तुला विचारलं, पत्रे चांगले निघतील ना? तू म्हणालास, जबाब माझा. कंपनीचा, असं म्हणाला असतास ना, तर मी गाडी वळवली असती."

लुबिसाव म्हणाला, "काकू, वकिलाने सांगितलंय, टेबलाशी खटल्याचं बोलायचं नाही."

"मी कुठे खटल्याचं बोलतेय? मी मेणबत्तीचं बोलतेय."

जाताना त्यांनी स्तोयांकाला बीन्सची चव विचारली, म्हणजे कशात मुरवले होते वगैरे. स्तोयांकाने सांगितलं. बायका अशा वेळी कुठून बळ आणतात मला माहीत नाही.

ते गेल्यावर मी आमच्या संतासमोर उभा राहिलो. संत अलिंपीये. तू त्याला नेहमी हसायचास, म्हणायचास, तुमचा संत आयुष्यभर खांबावर चढून उभा, खाली उतरून काही काम केलं असतं तर. तो का उभा होता ते मलाही कधी नीट समजलं नव्हतं. कालपासून वाटतंय, निदान तो सगळ्यांना दिसत होता. कुणीही येऊन खालून विचारू शकत होतं, आणि त्याला कुठे जायला जागा नव्हती.

स्तोयांका आज सकाळी बहिणीकडे परत गेली. पिशवी मात्र इथेच राहिली आहे.

ओब्राद


ओस्रेडाक, ९ जानेवारी

तिहोमिर,

परवा सात तारखेला, आपल्या नाताळच्या सकाळी फोन वाजला आणि तुझा आवाज. "ख्रिस्त जन्मला." मी म्हटलं, "खरोखर जन्मला." मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

मग तू बोललास ते तू विसरला असशील तर मी लिहून ठेवतो. तू म्हणालास, "वकीलबाईंचं ऐक. तू कंपनीच्या वतीने बोललास असं सांग, तिथेच तुझं प्रकरण मिटतं. आणि व्यापाऱ्याने फसवलं म्हण. ते कुठे काय सिद्ध करणार आहेत?"

मी म्हटलं, "सिद्ध करायचा प्रश्न नाही, फसवलंच ना त्याने?"

तुझ्या मागे ट्रॅमचा आवाज येत होता.

मी पुन्हा विचारलं. कशाला विचारलं देव जाणे. तू म्हणालास, "कूम, थोडी चरबी सगळेच घालतात. त्याने मला आधीच सांगितलं होतं, लाद्या मिसळीच्या आहेत, मेणबत्तीला चालतील. मला वाटलं, आपल्या कढईत इतकं मेण आहे, त्यात कळणार नाही. माशा मरतील हे मला काय माहीत? ऑर्डर पुऱ्या करायच्या होत्या. तुझ्यासाठीही करत होतो."

हे तू मला सांगायला नको होतंस.

परवा सकाळपर्यंत मला माहीत नव्हतं. मी कुणालाही, पाद्रीला, जजला, विदोसावाकाकूंना डोळ्यात डोळे घालून सांगू शकत होतो की आम्ही दोघे फसलो. ते खरं होतं, निदान माझ्यापुरतं. आता तेच वाक्य म्हटलं तर ते खोटं आहे. वाक्य तेच, एक अक्षर बदललेलं नाही.

आणि वर तू म्हणालास, "शेवटी आपण कूम आहोत."

वकीलबाईंना मी फोनचं सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय, सगळं नीट चाललंय. त्यांनी मला तीन वाक्यं पाठ करायला दिली आहेत. मी ती म्हशीला चारा घालताना म्हणतो. म्हैस माझ्याकडे बघत राहते.

तुझ्या आईचं घर तुझ्या नावावर आहे. हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. तू गेल्यापासून मी दर शनिवारी तिथे लाकडं टाकून येतो. तिच्या स्वयंपाकघरात बसून मी विचार करतो की मी एक शब्द बोललो तर ही भिंत, ही चूल, हा पलंग. आणि ती मला कॉफी ओतत असते, साखर जास्तच घालते, तशीच जशी आपण लहान असताना घालायची.

नाताळचं पक्वान्न तिने तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलंय.

ओब्राद


ओस्रेडाक, १२ फेब्रुवारी

तिहोमिर,

पाद्रींकडे गेलो होतो. सगळं सांगितलं, नावं न घेता, जसं काही त्यांना कळणारच नव्हतं. विचारलं, बाबा, कूमाविरुद्ध साक्ष देणं पाप आहे का?

ते बुटांच्या नाड्या बांधत होते, कुणाच्या तरी अंत्यविधीला निघाले होते. म्हणाले, "ओब्राद, मी पाप आहे म्हणालो तर तू इथून हलका होऊन जाशील. नाही म्हणालो तरी हलका होऊन जाशील. तुला माझ्याकडून काही समजून घ्यायचं नाहीये, ओझं माझ्या अंगणात टाकून जायचंय."

मी म्हटलं, "मग कुठे टाकू?"

"शपथेला कुणाचं नाव घेणार आहेस? त्याला विचार." आणि ते गेले.

तेव्हापासून विचारतोय. अजून काही ऐकू आलेलं नाही. आलं तरी मला ओळखता येईल की नाही, कोण जाणे. रात्रभर झोपतो बरं का, झोपेचं काही नाही. दिवसाच बसवत नाही.

तारीख मार्चमध्ये आहे. हे पत्र तुला वेळेवर मिळेल. तू आलास आणि तूच बोललास तर मला तुझं नाव घ्यावं लागणार नाही. तेवढ्यासाठी हे लिहितोय, बाकी काही मागत नाही.

ओब्राद


ओस्रेडाक, १९ मार्च

तिहोमिर,

कोर्टाच्या दारात मी थांबून राहिलो. शेवटी शिपायाने नाव पुकारलं. वकीलबाई म्हणाल्या, "तो येणार नाही. चला. तीन वाक्यं."

जज बाई तरुण होत्या, सर्दी झालेली, सारखा रुमाल नाकाला. आधी लुबिसावची साक्ष झाली. त्याने बाजारातलं सगळं सांगितलं, छातीवरचा हातसुद्धा. म्हणजे हाताचं सांगणारा तोच तो. मग मला उभं केलं. सत्य सांगेन अशी शपथ झाली.

जज म्हणाल्या, "तुम्ही 'जबाब माझा' म्हणालात. कंपनीच्या वतीने की स्वतःच्या?"

माझं पहिलं वाक्य तयार होतं: संचालक या नात्याने, कंपनीच्या वतीने. मी तोंड उघडलं. समोर विदोसावाकाकू बसल्या होत्या, डोक्याला काळा रुमाल, मांडीवर हात. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या.

मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी बाजारात कंपनी आलीच नव्हती. मी एकटा होतो."

मागे कुणीतरी हसलं. जज हसल्या नाहीत. "म्हणजे स्वतःच्या वतीने?"

"या काकू कंपनीला ओळखत नाहीत. त्यांनी मला विचारलं. मी माझ्या तोंडाने सांगितलं."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मेणात भेसळ आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं."

"आणि दुसऱ्या संचालकांना?"

तिहोमिर, मला इथे खूप वेळ लागला. जजनी प्रश्न पुन्हा विचारला, मग एकदा आणखी. माझ्या डोळ्यांपुढे तू उभा होतास, चर्चमध्ये, जेलिसाला हातावर घेऊन, आणि ती ओली, किंचाळतेय, आणि तू घाबरून माझ्याकडे बघतोयस की पडली तर. मी मनात तुला म्हणालो, अजून दार उघडून ये. कुणी आलं नाही. आणि विदोसावाकाकूंचं काय, मी विचार केला. त्या कुठल्या नात्याने माझ्याकडे आल्या होत्या? कुठल्याच नाही. त्यांच्याकडे मला बांधून ठेवणारं काही नव्हतं, एक शब्द सोडून. तुझ्या-माझ्यात इतकं काही आहे की मी बोललो तरी ते टिकेल, असं मला वाटत होतं. गप्प बसलो असतो तर मात्र त्या गप्प बसण्यामागे आपण दोघेही लपलो असतो, कंपनीमागे लपलो होतो तसे.

मी म्हणालो, "हो. त्याला माहीत होतं. व्यापाऱ्याने त्याला सांगितलं होतं. त्याने मला नाताळला फोनवर सांगितलं."

जजनी विचारलं, "ते तुमचे कोण?"

"कूम."

त्या लिहायच्या थांबल्या. क्षणभर रुमाल तसाच नाकाशी. मग लिहिलं.

बाहेर कुणी माझ्या पाठीवर थाप मारली नाही. मारावी असं वाटतही नव्हतं. लुबिसाव गाडी सुरू करत होता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बसस्टॉपपर्यंत सोडू का?" मी नको म्हटलं. विदोसावाकाकू जवळ आल्या. म्हणाल्या, "कूमाचं नाव घेतलंस." मी मान हलवली. "माझा मुलगा असतास तर एक ठेवून दिली असती. न घेता गेला असतास तर तुझ्या दाराशी पुन्हा आले नसते." एवढं बोलून त्या लुबिसावच्या गाडीत बसल्या. यातलं कुठलं जास्त खरं होतं, ते त्यांनाही माहीत नसावं.

तिथून सरळ तुझ्या आईकडे गेलो. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळू नये. ती बीन्स निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं: तिहोमिरला माहीत होतं, मी कोर्टात सांगितलं, आता त्याचंही घर जाईल, म्हणजे हे घर. तिचे हात थांबले नाहीत. जरा वेळाने म्हणाली, "बस. कॉफी ठेवते." कॉफी झाल्यावर म्हणाली, "तिथे जेवतो का रे तो नीट?"



ओब्राद


ओस्रेडाक, ६ ऑक्टोबर

तिहोमिर,

तुझं पत्र आलं. जवळजवळ वर्षभरात पहिलं. एकच ओळ: आपण अजून कूम आहोत का?

याचं उत्तर पत्रात लिहिता येण्यासारखं नाही. इथल्या बातम्या लिहितो.

निकाल लागला, तुला प्रत मिळाली असेल. दोघेही जबाबदार, प्रत्येक जण स्वतःच्या मालमत्तेनिशी. माझी वरची बाग गेली, गिरणीकडची जमीन गेली. घरावर बोजा चढलाय, पण हप्ते बांधून दिलेत. लुबिसाव त्यासाठी बाकीच्यांशी भांडला म्हणे. मला तोंडावर म्हणाला, "तू रस्त्यावर आलास तर आम्हाला कोण देणार? आमचाच स्वार्थ आहे, उगाच डोळे पुसू नकोस." मी डोळे पुसत नव्हतो, चिलटं होती.

पेट्या माझ्या आहेत अजून. विदोसावाकाकूंनी एप्रिलमध्ये आपलं मेण पाठवलं. पत्रे मी घरीच, हाताच्या साच्यात पाडतो, त्यांच्या मेणाचे त्यांनाच, दुसऱ्याचं मिसळत नाही. साचा लहान, वेळ फार लागतो. काकूंनी पत्रे उजेडात धरून बघितले, वास घेतला, गाडीत ठेवले आणि गेल्या.

स्तोयांका परत आली. स्लावाच्या वेळी जी पिशवी सोडून गेली होती ती उघडून तिने त्यातले जाड मोजे काढले आणि घातले.

तुझं घर गेलं. सप्टेंबरात अधिकारी आले, सभ्य माणसं होती, बूट काढून आत गेली. दारिंकाकाकूला मी आमच्याकडे आणलं. जेलिसाची खोली रिकामीच होती. तिने आपली चूल मागे सोडली पण परसातलं एक वीतभर गुलाबाचं रोप उपटून आणलं, ते जगेल असं वाटत नाही. स्तोयांकाशी तिचं पटतं. माझ्याशी ती बोलते, पण कॉफीत साखर घालत नाही. ती मी स्वतः घालून घेतो.

जेलिसा निशहून सुटीला आली होती. तिला सगळं माहीत आहे. तुझ्याबद्दल विचारलं नाही. जाताना आजीला, म्हणजे तुझ्या आईला, मिठी मारून उभी राहिली बराच वेळ.

दुपारी पोझारेवाक शहरातून बस येते तेव्हा तुझी आई शाल पांघरून फाटकापाशी जाते. रोज. बस थांबते, कुणी उतरतं, कुणी नाही, बस पुढे जाते. ती थोडा वेळ थांबून परत येते. आम्ही तिला अडवत नाही. काल मीही तिच्याबरोबर गेलो. बस पुलावर दिसली तेव्हा तिने माझी बाही धरली आणि विचारलं, "ओब्राद, येईल का रे तो?"

आजवर मी असल्या वेळी काय म्हणालो असतो, तुला ठाऊक आहे. हातसुद्धा छातीकडे जायला लागला होता. मी तो खाली घेतला, तिच्या हातावर ठेवला, आणि म्हणालो, "मला माहीत नाही, काकू."

बस थांबायच्या आत आम्ही दोघेही रस्त्याच्या कडेला सरकून उभे राहिलो.

ओब्राद